‘वाघाचं वावर कुठी हाये?’ : संदर्भावरून शब्दाचा अर्थ लावताना मुले पुन्हा पुन्हा अडतात तेव्हा

सहावी ते आठवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना ही अडचण दर वर्षी नव्याने भेटते. उताऱ्यात एखादा अनोळखी शब्द आला की वाचन थांबते. काही मुले लगेच “सर, म्हंजे काय?” असे विचारतात, काही गाइड उघडतात, काही तो शब्द गिळून पुढे सरकतात आणि काही मुले अत्यंत ठामपणे चुकीचा अर्थ सांगतात. आपण “मागचे-पुढचे वाक्य वाचा, संदर्भावरून अर्थ लावा” असे सांगतो, चार-सहा आठवडे जमल्यासारखे वाटते आणि घटक चाचणीत पुन्हा तेच चित्र दिसते.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका खेड्यात शिकवतो. टिपेश्वर अभयारण्य इथून फार दूर नाही. माझ्या वर्गात वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत, बंजारा तांड्यावरून येणारी, गोरमाटी बोलणारी मुले आहेत आणि पोडावरून म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून येणारी, घरी कोलामी बोलणारी मुलेही आहेत. या वर्गात ही अडचण कुठून उगवते आणि कोणत्या उपायाने ती हलते, हे मी बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणानंतर इथे मांडत आहे. ज्यांची मुले अशाच घरांतून येतात त्यांना याचा थेट उपयोग होईल, अशी माझी खात्री आहे.

चूक कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखावे

“संदर्भ लावता येत नाही” या एकाच तक्रारीखाली तीन-चार वेगवेगळे दोष लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून मूल चुकले की उत्तर सांगण्याआधी एकच प्रश्न विचारावा, “तुला असे कशावरून वाटले?” मुलाने शब्दाच्या नादाकडे बोट दाखवले तर दोष एक, घरातला अर्थ सांगितला तर दुसरा, आणि ते गप्प राहिले तर बहुधा वाक्यातच काही सुगावा नव्हता किंवा आजूबाजूचे इतके शब्द अनोळखी होते की धरायला काहीच सापडले नाही. हा प्रश्न रागाने विचारला तर मूल पुन्हा अंदाज करणार नाही, म्हणून बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तो तितक्याच आवर्जून विचारावा.

माझ्या अनुभवात आपल्या भागातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा दोष दुसऱ्या प्रकारचा आहे. मुलाजवळ त्या शब्दाचा अर्थ आधीच असतो, तो अर्थ खरा असतो, आणि म्हणूनच आपण इथे अडलो आहोत हे त्याला जाणवतच नाही.

घरचा अर्थ आणि पुस्तकातला अर्थ

आमच्या गावाच्या शिवेवर वनविभागाचा एक फलक आहे. ‘या परिसरात वाघाचा वावर आहे’ हे त्यावरचे वाक्य मी सातवीच्या फळ्यावर लिहिले आणि अर्थ विचारला. मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, “तिथं वाघाचं वावर हाये. पण वाघाचं वावर कुठी हाये, सर? आमी त रोजच जातो तिकून.” कोणीही हसले नाही, कारण अर्ध्या वर्गाच्या मनात तेच होते. आपल्याकडे वावर म्हणजे शेत. ते मूल पहाटे वावरात जाऊन येते, तिथे त्याची माय निंदण करते, तिथूनच त्याचे घर चालते. त्या शब्दाला आणखी एखादा अर्थ असेल, असे त्याला का वाटावे?

मी त्याला वाक्य पुन्हा, शब्दावर बोट ठेवून वाचायला सांगितले. मग विचारले, “तुमच्या शेताला तू काय म्हणतोस?” तो म्हणाला, “आमचं वावर.” “आमचा वावर असे म्हणशील?” “नाई.” “फलकावर काय लिहिले आहे?” त्याने बोट सरकवले, ‘वाघाचा’ हा शब्द पुन्हा पाहिला, थोडा थांबला आणि म्हणाला, “मंग हा दुसरा वावर हाये.” त्याने बोलतानाच ‘हे’चे ‘हा’ केले होते. तिथून पुढचे काम सोपे होते. घरात कोण कोण वावरते, गोठ्यात कोण वावरते, असे दोन प्रश्न विचारल्यावर “म्हंजे वाघ हिंडते तिथं” हे उत्तर वर्गातूनच आले.

या एका प्रसंगाने माझी शिकवण्याची पद्धत बदलली. मराठीत नामाचे लिंग त्याच्या आधीच्या विशेषणावर, षष्ठीच्या प्रत्ययावर आणि नंतरच्या क्रियापदावर उमटते. शेत या अर्थाचे वावर नपुंसकलिंगी आहे आणि ये-जा, अस्तित्व या अर्थाचा वावर पुल्लिंगी आहे. शब्द तोच असला तरी वाक्यात त्याच्या आगेमागे उभे असलेले शब्द वेगळे रूप घेतात, आणि हा सुगावा मुलाच्या बोलण्यात जन्मापासून असतो. त्याला व्याकरणाची संज्ञा शिकवण्याची गरज नाही, ‘आमचं की आमचा’ एवढे विचारले तरी पुरते.

याच धर्तीचा आणखी एक शब्द म्हणजे धुरा. “वडील गेल्यानंतर घराची धुरा थोरल्या मुलीच्या खांद्यावर आली” या वाक्याचा अर्थ एका मुलीने असा सांगितला की बाप वारल्यावर धुऱ्याची वाटणी झाली आणि तो थोरल्या लेकीच्या नावाने चढला. आपल्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध आणि त्यावरून होणारी भांडणे तिने डोळ्यांनी पाहिली आहेत. तिचा अंदाज तर्काला धरूनच होता, म्हणून मी तिला तसे स्पष्ट सांगितले आणि मगच विचारले की धुरा ‘आला’ म्हणतात की ‘आली’. वऱ्हाडीतला धुरा पुल्लिंगी आहे, त्यामुळे ‘आली’ तिला लगेच खटकले. नंतर ‘खांद्यावर’ या शब्दाकडे लक्ष वेधले. बैलाच्या खांद्यावर काय येते, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगावे लागत नाही. संस्कृतात धुर् म्हणजे जूच. जुवाचे वजन आणि घराची जबाबदारी या दोन गोष्टी तिने स्वतः जोडल्या.

मात्र लिंगाचा सुगावा नेहमी चालत नाही, हेही मुलांना दाखवले पाहिजे. बंडी या शब्दाचा विदर्भातला रोजचा अर्थ बैलगाडी असा आहे, तर पुस्तकात ती अंगात घालायची बिनबाह्यांची बंडी असू शकते, आणि दोन्ही स्त्रीलिंगीच. “आजोबांनी बंडी घातली आणि ते बाजाराला निघाले” या वाक्यात बाजाराचा उल्लेख मुलाला थेट बैलगाडीकडे नेतो. इथे निर्णय क्रियापद करते, कारण बंडी जुंपतात, हाकतात, सोडतात, पण घालत नाहीत. सांबार हा शब्दही असाच आहे. आपल्या स्वयंपाकघरात तो कोथिंबिरीचा शब्द आहे आणि इडलीबरोबर वाढलेल्या सांबाराशी त्याचा संबंध नाही. अशा शब्दांची एक यादी मी वर्गातल्या भिंतीवर लावली आहे आणि मुले तिच्यात स्वतः भर घालतात.

ही यादी करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. घरचा अर्थ ‘चुकीचा’ आणि पुस्तकातला ‘बरोबर’ असे कधीही म्हणू नये. दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात वऱ्हाडातले शब्द ‘व.’ अशी खूण करून नोंदवलेले आहेत. ती खूण मी मुलांना दाखवतो. आपल्या आजीचा शब्द छापील कोशात पाहिल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते पाहण्यासारखे असते, आणि त्यानंतर ते मूल आपला अंदाज न लाजता सांगते.

पोडावरच्या मुलांसाठी क्रम बदलावा

लिंगावरून अर्थ ओळखण्याची युक्ती मी उत्साहाने सर्वांना शिकवू लागलो आणि कोलामी बोलणारी मुले मागेच राहिली. कारण समजायला मला वेळ लागला. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत आणि त्यांत नामांची विभागणी मराठीसारखी तीन लिंगांत होत नाही. पुरुषवाचक नामे एका बाजूला आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू असे बाकीचे सारे दुसऱ्या बाजूला, अशी ढोबळ मांडणी तिथे असते. त्यामुळे ‘वाघाचा’ आणि ‘वाघाचे’ यांतला फरक त्या मुलाच्या कानाला आपोआप टोचत नाही. त्याच्यासाठी तो सुगावा नसून शिकायची आणखी एक गोष्ट आहे.

या मुलांबरोबर मी क्रियापदापासून सुरुवात करतो. कोण काय करत आहे, कशाने करत आहे, त्यानंतर काय झाले, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही भाषेतून आलेले मूल शोधू शकते. शब्दाला कोलामीत काय म्हणतात हेही विचारावे. मला ती भाषा येत नाही, तरी दोन मुलांनी आपसात त्या भाषेत चर्चा करून काढलेला अर्थ बहुतेक वेळा माझ्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक पक्का बसतो. चर्चेची भाषा मराठीच असली पाहिजे, हा आग्रह मी या कामापुरता पूर्णपणे सोडला आहे.

वाक्यातच सुगावा नसेल तर

काही वेळा मूल अडते तो दोष मुलाचा नसतो, आपण निवडलेल्या वाक्याचा असतो. अमेरिकेतील इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि एलेन मॅकॅस्लिन यांनी १९८३ साली हे मुद्देसूदपणे मांडले. त्यांच्या मते काही संदर्भ शब्दाच्या अर्थापर्यंत नेमके नेतात, काही त्याच्या आसपास सोडतात, काहींवरून काहीच कळत नाही आणि काही तर वाचकाला उलट दिशेला पाठवतात. आपण मात्र सगळी वाक्ये एकाच मापाची समजतो आणि प्रत्येक शब्दाला “संदर्भावरून ओळखा” असे म्हणतो.

आपल्या भाषेतले उदाहरण घेऊ. “अवर्षणामुळे पऱ्हाटी उभ्या उभ्या वाळली, विहिरींनी तळ गाठला आणि नक्षत्रामागून नक्षत्र कोरडे गेले.” पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडे, हे आमच्या मुलांना ठाऊकच असते, त्यामुळे अवर्षणाचा अर्थ इथे जवळजवळ हातात ठेवलेला आहे. “कोपऱ्यात एक जीर्ण पेटी होती” या वाक्यात मात्र पेटी लाकडी, मोठी, सुंदर, काळी काहीही असू शकते. आणि शंकरपटाचे म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे हे वाक्य पाहा: “शंकरपटात धाकट्या भावाच्या जोडीने पहिला नंबर घेतला, लोकांनी गुलाल उधळला, आणि थोरला भाऊ खिन्नपणे म्हणाला, ‘चांगली पळाली जोडी’”. हे वाचून हुशार मूलसुद्धा खिन्नपणे म्हणजे आनंदाने असेच सांगेल, कारण आधीचे सगळे वाक्य त्याला आनंदाकडेच ढकलते.

म्हणून तासिकेच्या आदल्या दिवशी पाठातल्या कठीण शब्दांखाली रेघ ओढून प्रत्येकासाठी एकच गोष्ट तपासावी. तो शब्द आपल्याला ठाऊक नसता, तर या वाक्यावरून तो कळला असता का? ज्याचे उत्तर ‘नाही’ असे येते तो शब्द सरळ सांगून टाकावा, त्यात काहीही कमीपणा नाही. ज्याचे उत्तर ‘हो’ येते तेवढेच शब्द मुलांसाठी राखून ठेवावेत. दहा-पंधरा मिनिटांची ही तयारी केल्यापासून माझ्या वर्गातली निम्मी अडचण नाहीशी झाली, कारण मुलांना अंदाज करून यश मिळू लागले.

अनोळखी शब्दांची दाटीही मोजावी. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांवर हू आणि पॉल नेशन यांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. गोष्टीचा मजकूर आधाराविना नीट कळण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे शंभर शब्दांत अनोळखी फार तर दोन. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतला उतारा असाच परका असतो. मी मुलांना पेन्सिलीने अनोळखी शब्दांवर टिंब द्यायला लावतो आणि टिंबे मोजतो. एका मुलाची शंभर शब्दांत बारा टिंबे आली तर त्याला संदर्भ लावायला सांगणे हा अन्याय आहे. आधी चार-पाच शब्द शिकवावेत, नाहीतर त्या मुलाला सोपा उतारा द्यावा.

नादावरून उडी मारणारी मुले

ही मुले वाक्याकडे पाहतच नाहीत, शब्दातला एखादा ओळखीचा तुकडा दिसला की थांबतात. अवर्षण म्हणजे ‘वर्ष नसणे’, निष्णात म्हणजे ‘काहीतरी नाही असा’, अशी उत्तरे येतात. शब्दाचे तुकडे पाहण्याची सवय मोडू नये, ती उपयोगाची आहे, कारण ‘अ’ नकारार्थी आहे हे त्या मुलाने बरोबरच ओळखलेले असते. त्याला दुसरे पाऊल शिकवावे लागते. काढलेला अर्थ वाक्यात परत घालून संपूर्ण वाक्य मोठ्याने वाचायचे. “वर्ष नसल्यामुळे पऱ्हाटी वाळली” असे कानावर पडले की मूल स्वतःच मान हलवते. मग वर्षण, वर्षा, वृष्टी आणि दर पावसाळ्यात पंचनाम्याच्या निमित्ताने कानावर येणारी अतिवृष्टी यांची सांगड घालता येते. “निष्णात वैद्याकडे दूरदूरचे रोगी येत” या वाक्यात तर परत घालून वाचणे एवढेच पुरते.

बोट ठेवून वाचणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. अनोळखी शब्द बोटाने झाकायचा, वाक्य त्याच्याविना वाचायचे, त्या जागी आपल्या बोलीतला कोणता शब्द बसेल ते सांगायचे, मग बोट उचलायचे आणि पुढची दोन वाक्ये वाचून तो अंदाज टिकतो का ते पाहायचे. बोट असेपर्यंत शब्दाचा नाद मुलाला फसवू शकत नाही. ‘पण’, ‘मात्र’, ‘तरी’ यांपैकी काही आसपास असेल तर त्याखाली रेघ ओढायला लावावी, कारण तिथे वाक्य वळते आणि वळण दिसले नाही तर अर्थ नेमका उलटा निघतो. हे सगळे आधी शिक्षकाने स्वतः मोठ्याने विचार करत, चुकत, अंदाज बदलत करून दाखवले पाहिजे. “मला आधी असे वाटले, पण पुढच्या ओळीमुळे मी मत बदलले” हे वाक्य मुलांनी आपल्या तोंडून किमान आठवड्यातून दोनदा ऐकले पाहिजे.

नेमका अर्थ दर वेळी निघालाच पाहिजे असेही नाही. ‘हे कोणत्या तरी झाडाचे नाव आहे’ किंवा ‘ही काहीतरी वाईट भावना आहे’ एवढे कळून वाचन पुढे गेले, तर त्या वाचनापुरते ते यशच आहे. माझ्या वर्गात वहीच्या समासात अंदाज लिहून त्यापुढे ‘नक्की’, ‘वाटते’ किंवा ‘ठाऊक नाही’ यांपैकी एक लिहायचे असते. पाठ संपल्यावर आपण त्यावर बोलतो. शब्दकोश त्यानंतर उघडायचा, त्याआधी नाही.

जमलेले पुन्हा का विसरते

वाचताना एकदा ओळखलेला शब्द कायमचा आपला होत नाही. स्वानबोर्न आणि डी ग्लॉपर यांनी १९९९ साली वीस प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सहज वाचनात भेटणाऱ्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधराच शिकले जातात असे दिसले. म्हणून ओळखलेला शब्द पंधरा दिवसांच्या आत दोन-तीन वेगळ्या वाक्यांत पुन्हा समोर आणावा, शक्यतो परिपाठात, कारण तिथे तो परीक्षेसारखा वाटत नाही. आणि पाठ सुरू करण्यापूर्वी सगळे शब्दार्थ फळ्यावर उतरवून देण्याची पद्धत सोडावी. मीही अनेक वर्षे तेच करत होतो. फळ्यावर अर्थ असताना मुलाने वाक्याकडे वळून पाहण्याचे काही कारणच उरत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, आणि सातवी-आठवीची अनेक मुले, विशेषतः मुली, आईबरोबर वेचायला जातात किंवा घरी लहान भावंडांना सांभाळतात. त्या दीड-दोन महिन्यांत सवय पूर्ण तुटते. परत आल्यावर त्यांना जुन्या पाठावर बसवू नये. मी त्यांच्याच हंगामातला शब्द घेऊन सुरुवात करतो.

गेल्या वर्षी जानेवारीत मी फळ्यावर लिहिले होते, “तिसऱ्या दिवशी जत्रेची उलंगवाडी झाली. पाळणेवाल्याने दोर सोडले, पाले उठली आणि मैदानात कागदाचे कपटे तेवढे उरले.” उलंगवाडी हा आपल्याकडे कापूस संपण्याचा शब्द आहे, जत्रेशी त्याचा संबंध नाही. जवळजवळ दोन महिने वर्गाबाहेर असलेली एक मुलगी पहिल्याच रांगेत बसली होती. तिने शब्दावर बोट ठेवले, ओठ हलवत तिन्ही गोष्टी वाचल्या आणि म्हणाली, “वावरात कापूस सरला का उलंगवाडी होते. इथं जत्रा सरली.” मग वही ओढून तिने समासात ‘संपली’ असे लिहिले, त्यापुढे आधी ‘वाटते’ लिहिले, पाळणेवाल्याचे वाक्य पुन्हा एकदा वाचले, ‘वाटते’ खोडले आणि ‘नक्की’ लिहिले.